चिरगोठित किनाऱ्यांची झीज व तिचे मापन

ध्रुवीय प्रदेशातील कायम गोठलेल्या भूमीचा किनारा लाटांचा मारा आणि समुद्राची व हवेची उष्णता यांच्या संयुक्त क्रियेने वितळून मागे हटतो. या क्रियेस चिरगोठित किनाऱ्याची झीज असे म्हणता येईल. ज्या जमिनीचे तापमान लागोपाठ किमान दोन वर्षे ०° से. किंवा त्याहून कमी राहते, ती चिरगोठित भूमी होय. पर्माफ्रॉस्ट या इंग्रजी नावानेही ती ओळखली जाते. ही व्याख्या केवळ तापमानावर आधारलेली असल्यामुळे अशा भूमीत बर्फ असलाच पाहिजे असे नाही. परंतु किनाऱ्याच्या झिजेच्या दृष्टीने तीतील बर्फाचे प्रमाण हीच निर्णायक बाब ठरते. जगातील एकूण किनाऱ्यांपैकी सु. एक-तृतीयांश किनारा चिरगोठित भूमीचा असून तो मुख्यतः सायबीरिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड व स्वालबार येथे आहे. यांपैकी कठीण खडकांचे किनारे फारसे झिजत नाहीत. गाळ, वाळू, पीट (अर्धवट कुजलेला वनस्पतिजन्य पदार्थ) व बर्फ यांचे बनलेले किनारे मात्र वेगाने मागे हटतात.

झिजेचा वेग सामान्यतः ‘दर वर्षी अमुक मीटर’ असा सांगतात. तथापि हा आकडा किनाऱ्यावरील कोणत्या रेषेचा आहे, किती वर्षांच्या अंतराने व किती लांबीच्या किनाऱ्यावर काढलेला आहे आणि कड्यात बर्फ किती होता, हे कळल्याशिवाय त्याला निश्चित अर्थ येत नाही. किनाऱ्यावरील वस्त्या केव्हा व कोठे हलवाव्यात यांसारखे निर्णय याच आकड्यावर अवलंबून असल्यामुळे मापनाच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांना केवळ शास्त्रीयच नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

झिजेची क्रिया : उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील वालुकामय पुळणी वादळी ऋतूत झिजतात आणि शांत ऋतूत लाटांनी परत आणलेल्या वाळूने बऱ्याच अंशी भरून निघतात. चिरगोठित कड्याच्या बाबतीत ही भरपाई होत नाही. त्याच्या आकारमानाचा मोठा भाग बर्फाचा असतो आणि वितळलेला बर्फ पाण्याच्या रूपाने निघून जातो. मागे उरणारा गाळ बहुधा इतका बारीक असतो, की त्याची संरक्षक पुळण बनत नाही.

हिवाळ्यातील तीव्र थंडीने जमीन आकुंचन पावून तिला भेगा पडतात. वसंत ऋतूत या भेगांत वितळलेल्या हिमाचे पाणी शिरून गोठते. शेकडो ते हजारो वर्षे हीच क्रिया घडत राहिल्याने जमिनीत बर्फाच्या उभ्या पाचरी तयार होतात आणि पृष्ठभागावर बहुभुजाकृतींचे जाळे दिसू लागते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर १९०६ ते १९१४ या काळात संशोधन केलेले अमेरिकन भूवैज्ञानिक अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी या पाचरींच्या उत्पत्तीचे हे स्पष्टीकरण १९१५ मध्ये मांडले. सायबीरियातील ‘येडोमा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमयुगीन निक्षेपांत, पाचरी धरून, बर्फाचे प्रमाण आकारमानाच्या सु. ८० टक्क्यांपर्यंतही आढळते.

अशा किनाऱ्याची झीज मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात समुद्राचे पाणी कड्याच्या पायथ्याशी भिडून त्यातील बर्फ वितळविते व लाटा सुटा झालेला गाळ वाहून नेतात. खारट पाण्याचा गोठणबिंदू ०° से. पेक्षा कमी असल्याने शून्याखालील तापमानाचे समुद्राचे पाणीही गोड्या पाण्याचा बर्फ वितळवू शकते. पायथ्याशी खोल आडवी कपार तयार होते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि अखेर एखाद्या बर्फाच्या पाचरीच्या रेषेवर तुटून त्याचा प्रचंड ठोकळा समुद्रात कोसळतो. या प्रकाराला उष्मीय तरंगघर्षण म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सूर्यप्रकाश व उबदार हवा यांनी कड्याचा दर्शनी भाग वरून खाली वितळत जातो आणि चिखल ओघळून पायथ्याशी साचतो. यास उष्मीय अनाच्छादन म्हणतात. दोन्ही क्रिया परस्परांना पूरक असतात. साचलेला चिखल काही काळ पायथ्याचे रक्षण करतो. पण पुढील वादळाने तो वाहून नेला, की बर्फाचा पृष्ठभाग पुन्हा उघडा पडतो. रशियन शास्त्रज्ञ फेलिक्स आरे यांचा १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ उष्मीय तरंगघर्षणाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो.

वर्षातील बहुतेक काळ समुद्र गोठलेला असताना लाटा नसतात व किनारा सुरक्षित राहतो. सर्व झीज उन्हाळ्यातील व शरद ऋतूच्या आरंभीच्या मोजक्या महिन्यांत होते. ऑगस्ट-सप्टेंबरमधील वादळी उधाणाने समुद्राची पातळी चढली, की लाटा पुळण ओलांडून थेट कड्यापर्यंत पोहोचतात. म्हणून झीज वर्षभर सारख्या गतीने होत नसून टप्प्याटप्प्याने होते. मापनातील बऱ्याच अडचणींचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

मापनाच्या पद्धती : या प्रदेशातील झिजेच्या सर्वांत जुन्या नोंदी समन्वेषकांच्या नकाशांतून मिळतात. लाप्टेव्ह समुद्रातील सेम्योनोव्हस्की व वासिलयेव्हस्की या बेटांची रशियन नौदल अधिकारी प्यॉत्र अंझू यांच्या मोहिमेने १८२३ मध्ये नोंद केली होती. ही दोन्ही बेटे बर्फयुक्त गाळाची होती. वासिलयेव्हस्की बेट १९३० च्या दशकात, तर सेम्योनोव्हस्की १९५० च्या दशकात समुद्रात लुप्त झाले. आज त्यांच्या जागी केवळ उथळ समुद्रतळ उरला आहे. असे नकाशे झिजेचा पुरावा देतात. मात्र त्यांतील स्थाननिश्चितीच्या चुका मोठ्या असल्याने वार्षिक वेग काढण्यास ते फारसे उपयोगी पडत नाहीत.

प्रत्यक्ष क्षेत्रमापनाची सर्वांत साधी रीत म्हणजे कड्यापासून आत, सुरक्षित अंतरावर खुंट रोवून दर वर्षी खुंटापासून कड्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजणे ही होय. कारा समुद्रावरील यामाल द्वीपकल्पात मारे-साले येथे रशियन शास्त्रज्ञांनी १९७८ पासून किनाऱ्याची नियमित मोजणी केली आहे. ही रीत अचूक असली, तरी तिच्याने किनाऱ्याच्या अगदी लहान भागाचीच माहिती मिळते. शिवाय उन्हाळ्यात पृष्ठभागाचा जो थर वितळतो (क्रियाशील थर), त्यात रोवलेले खुंट गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांनी वर उचलले जातात किंवा कलतात. म्हणून ते कायम गोठलेल्या थरापर्यंत खोल रोवावे लागतात. हल्ली उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या उपकरणांनी कड्याच्या माथ्याची रेषा काही सेंमी. अचूकतेने नोंदता येते.

लांब किनाऱ्यांच्या अभ्यासासाठी हवाई छायाचित्रांचा आधार घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९५० च्या सुमारास, अलास्का, कॅनडा व सायबीरिया यांच्या किनाऱ्यांची लष्करी व नकाशाविषयक कारणांसाठी विस्तृत छायाचित्रे घेण्यात आली. आजच्या बहुतेक दीर्घकालीन अभ्यासांचा आरंभबिंदू हीच छायाचित्रे होत. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली. त्यांतील अखेरच्या मालिकांची विभेदनक्षमता सु. २ मी. होती. लँडसॅट मालिकेतील उपग्रह १९७२ पासून सलग नोंदी देत आहेत. परंतु त्यांच्या चित्रातील एक बिंदू आरंभी सु. ८० मी. व १९८२ नंतर ३० मी. रुंदीच्या जमिनीचा असल्याने त्यांवरून केवळ वेगवान झीज किंवा बऱ्याच वर्षांतील एकूण बदलच ओळखता येतो. १९९९ नंतर उपलब्ध झालेल्या व्यापारी उपग्रहांची चित्रे १ मी. किंवा त्याहून सूक्ष्म तपशील दाखवितात.

आडवी माघार मोजण्याबरोबरच कड्याची उंची व आकार यांतील बदल मोजण्यासाठी विमानातून लेसर किरणांनी पृष्ठभागाची उंची मोजण्याची लायडर पद्धती वापरतात. अलीकडे लहान चालकरहित विमानांतून (ड्रोन) घेतलेल्या, एकमेकांवर येणाऱ्या अनेक छायाचित्रांपासून संगणकाच्या साहाय्याने कड्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतात. कड्यासमोर बसविलेले स्वयंचलित कॅमेरे ठरावीक वेळाने छायाचित्रे घेऊन कपार पडणे, ठोकळा कोसळणे व तो वितळून नाहीसा होणे हा क्रम टिपतात. विवरांत सोडलेले तापमापक जमिनीचे व किनाऱ्याजवळील नोंदयंत्रे समुद्राचे तापमान आणि लाटांची उंची देतात. या नोंदी एकत्र ठेवल्याशिवाय झीज किती झाली हे समजले, तरी ती का झाली हे उमगत नाही.

वेग काढण्याची रीत व त्रुटी : भिन्न काळांतील चित्रे एकाच निर्देशप्रणालीत बसवून प्रत्येकावर किनारारेषा आखतात. नंतर किनाऱ्याला समांतर आधाररेषा घेऊन तिच्यावर ठरावीक अंतराने लंब काढतात. प्रत्येक लंबावरील दोन किनारारेषांमधील अंतरास मधल्या वर्षांनी भागले, की त्या ठिकाणचा सरासरी वेग मिळतो. तीन किंवा अधिक किनारारेषा उपलब्ध असल्यास समाश्रयण रेषेच्या साहाय्यानेही वेग काढतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने यासाठी तयार केलेली संगणकीय प्रणाली सर्वत्र वापरात आहे.

येथे पहिला प्रश्न कोणती रेषा मोजावयाची हा असतो. पाण्याची कड भरती-ओहोटी व वारा यांनुसार दर तासाला बदलते. कड्याचा पायथा ओघळलेल्या चिखलाखाली झाकला जातो. म्हणून बहुधा कड्याच्या माथ्याची रेषा ग्राह्य धरतात. तीही निर्दोष नाही. कारण खालून खोल कपार पडली असताना माथा जागच्या जागी असतो आणि एका दिवसात तो कित्येक मीटर मागे जातो. माथा व पायथा या दोन्हींच्या नोंदी ठेवल्यास कड्यावर लाटांचा परिणाम अधिक आहे की हवेच्या उष्णतेचा, याचाही अंदाज येतो.

दुसरा प्रश्न कालांतराचा. उदा., जुन्या छायाचित्रातील स्थाननिश्चितीची त्रुटी ३ मी. व नव्या चित्रातील १ मी. असेल, तर दोहोंची संयुक्त त्रुटी त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सु. ३·२ मी. येते. दोन चित्रांत ५० वर्षांचे अंतर असल्यास वेगातील त्रुटी दर वर्षी सु. ०·०६ मी. इतकीच राहते, तेव्हा दर वर्षी ०·५ मी. हा वेग खात्रीने सांगता येतो. हेच अंतर एक वर्षाचे असल्यास त्रुटी ३·२ मी. राहते आणि अर्ध्या मीटरच्या माघारीविषयी काहीच म्हणता येत नाही. याउलट दीर्घ कालांतराच्या सरासरीत वादळी व शांत वर्षे एकमेकांत मिसळून जातात आणि झीज वाढत आहे की काय हे लपून राहते.

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील हर्शेल बेटावर (स्थानिक नाव किकिकतारुक) २०१७ च्या उन्हाळ्यात ड्रोनच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासावरून हे स्पष्ट होते. किनाऱ्याच्या एका लहान भागाची ४० दिवसांत सात वेळा मोजणी केली असता तो सु. १४·५ मी. मागे हटल्याचे आढळले. त्याच भागाची १९५२ ते २०१७ या काळातील सरासरी माघार दर वर्षी सु. २·२ मी. होती. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला एका ऋतूत काय घडू शकते हे सांगतो, तर दुसरा एका पिढीत काय घडेल हे सांगतो. किनाऱ्यालगत इमारत बांधताना पहिल्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते आणि केवळ पहिल्यावरून भविष्य वर्तविणेही चुकीचे ठरते.

आकारमानातील घट व भूपृष्ठाचे खचणे : किनारा किती मीटर हटला यावरून समुद्रात किती गाळ गेला हे थेट कळत नाही. उदा., ५ मी. उंचीचा कडा १० मी. मागे हटल्यास किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे ५० घ. मी. भूमी नष्ट होते. पण तीत ६० टक्के बर्फ असेल, तर ३० घ. मी. बर्फाचे पाणी होऊन घन पदार्थ सु. २० घ. मी. एवढाच उरतो. शिवाय कड्यामागील जमिनीतील बर्फ वितळल्याने भूपृष्ठही हळूहळू खचत असते. हे खचणे किनारारेषेच्या मापनात दिसत नाही. लीना नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या आग्नेयीस तिक्सी बंदराजवळ असलेल्या मुओस्ताख बेटाचे १९५१ ते २०१३ या ६२ वर्षांत क्षेत्रफळ सु. २४ टक्क्यांनी, परंतु आकारमान सु. ४० टक्क्यांनी घटले. केवळ नकाशावर पाहणाऱ्यास बेटाचा एक-चतुर्थांश भाग गेल्यासारखा वाटेल; प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक नष्ट झाले आहे.

भूपृष्ठाचे खचणे मोजण्यासाठी उपग्रहांवरील रडारच्या दोन वेळच्या नोंदींतील तरंगांच्या कलाफरकाचा उपयोग करतात. भारतीय अवकाश संशोधन संस्था व अमेरिकेची नासा यांनी संयुक्तपणे तयार केलेला ‘निसार’ उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. दर १२ दिवसांनी त्याच भूभागावर परत येण्याची त्याची योजना असून चिरगोठित भूमीतील बदलांचे निरीक्षण हाही त्याचा एक उपयोग आहे.

प्रमुख क्षेत्रांतील निष्कर्ष : आर्क्टिक किनाऱ्याचे १,३१५ भागांत वर्गीकरण करून सु. १ लाख किमी. लांबीच्या किनाऱ्याविषयी तयार केलेली आंतरराष्ट्रीय माहितीसूची २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार झिजेचा सरासरी वेग दर वर्षी सु. ०·५ मी. आहे. मात्र या सरासरीत खडकाळ व स्थिर किनारेही समाविष्ट आहेत. लाप्टेव्ह, पूर्व सायबीरियन व बोफर्ट या समुद्रांच्या किनाऱ्यांवर वेग याहून पुष्कळ अधिक आढळतो. मुओस्ताख बेटावर १९५१ ते २०१३ या काळात तो दर वर्षी सु. १·८ मी. होता, तर २०१० ते २०१३ या अखेरच्या तीन वर्षांत सु. ३·४ मी. झाला.

बोफर्ट समुद्रावरील अलास्काच्या ड्र्यू पॉइंट परिसराचा अभ्यास सर्वांत तपशीलवार झालेला आहे. तेथील ६० किमी. किनाऱ्यावर माघारीचा सरासरी वेग १९५५–७९ या काळात दर वर्षी ६·८ मी., १९७९–२००२ या काळात ८·७ मी. व २००२–०७ या काळात १३·६ मी. होता. पुढे याच परिसरातील ९ किमी. भागावर २००७ ते २०१६ या काळात तो सरासरी १७·२ मी. आढळला; मात्र निरनिराळ्या वर्षांत तो ६·७ मी. ते २२ मी. असा बदलत होता. किनाऱ्याच्या लांबीत फरक असल्याने हा अखेरचा आकडा आधीच्या तीन आकड्यांच्या ओळीत जसाच्या तसा बसविता येत नाही. तथापि वाढीची दिशा निर्विवाद आहे. १९६० ते १९८० या काळापासून नोंदी उपलब्ध असलेल्या १४ आर्क्टिक ठिकाणांपैकी १३ ठिकाणी इ. स. २००० नंतर झीज वाढल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नमूद केले आहे.

तापमानवाढीशी संबंध : १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. समुद्रावरील बर्फाचा सप्टेंबरमधील विस्तार घटत असून २०१२ मध्ये तो सु. ३४ लाख चौ. किमी. या नीचांकास पोहोचला होता. बर्फ लवकर फुटतो व उशिरा जमतो, त्यामुळे लाटांना अधिक काळ व अधिक विस्तीर्ण मोकळे पाणी मिळते. ड्र्यू पॉइंटजवळ समुद्र मोकळा राहण्याचा काळ १९७९ ते २००९ या तीस वर्षांत सु. ४५ दिवसांवरून सु. ९५ दिवसांवर गेला. मोकळे पाणी सूर्याची उष्णता शोषून अधिक उबदार होते व शरद ऋतूतील वादळांच्या वेळीही किनारा बर्फाच्या संरक्षणाविना राहतो.

कार्यकारणभाव अशा रीतीने स्पष्ट असला, तरी एखाद्या वर्षाची झीज त्या वर्षीच्या तापमानावरून किंवा वादळांच्या संख्येवरून वर्तविणे अद्याप साधलेले नाही. ड्र्यू पॉइंट येथील २००७–१६ या काळातील वार्षिक झिजेचा अशा घटकांशी ठळक सांख्यिकीय संबंध आढळला नाही. वादळाची वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याची पातळी, कड्यातील पाचरींची ठेवण व आधीच्या वर्षी पडलेले ठोकळे या सर्वांचा परिणाम एकत्रित होतो. दीर्घकालीन सरासरीविषयी मात्र अंदाज करता येतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिकृती-अभ्यासानुसार आर्क्टिक किनाऱ्याच्या झिजेचा सरासरी वेग १८५०–१९५० या काळात दर वर्षी सु. ०·९ मी. होता, हरितगृह वायूंच्या मध्यम ते तीव्र उत्सर्जनाच्या गृहीतांनुसार तो त्या पातळीवरून इ. स. २१०० पर्यंत २ ते २·६ मी. होईल. या अभ्यासातील ०·९ मी. व वर दिलेल्या माहितीसूचीतील ०·५ मी. या सरासऱ्यांतील फरक हा मुख्यतः कोणते किनारे जमेस धरले व काय मोजले यातून उद्‌भवतो. त्यावरून झीज कमी झाली असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

परिणाम व मापनाचे उपयोग : झिजेचा प्रत्यक्ष फटका किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांना बसतो. अलास्कातील सारिचेफ बेटावरील शिशमारेफ या इन्युपिआट गावाने २००२ व २०१६ मध्ये स्थलांतराच्या बाजूने मतदान केले. परंतु खर्च व योग्य जागा यांच्या अडचणींमुळे ते त्या वेळी अमलात आले नाही. निंगलिक नदीच्या काठच्या झिजेने ग्रासलेल्या न्यूटॉक या युपिक गावातील कुटुंबे ऑक्टोबर २०१९ पासून मेर्टार्विक या नव्या वसाहतीत जाऊ लागली. कॅनडातील टुक्टोयाक्टुक येथे समुद्राच्या काठावरील काही घरे २०२० मध्ये आत हलविण्यात आली. हर्शेल बेटावरील देवमासे शिकाऱ्यांच्या वसाहतीतील ऐतिहासिक इमारतीही समुद्रापासून मागे सरकविण्यात आल्या आहेत. उत्किआविकजवळील वालाक्पा यासारखी पुरातत्त्वीय स्थळे झिजून त्यांतील अवशेष समुद्रात जात आहेत. एखादी वस्ती आणखी दहा वर्षे टिकेल की तीस, हे ठरविताना सरासरी वेगाबरोबरच एका वादळात होऊ शकणारी कमाल माघारही विचारात घ्यावी लागते.

दुसरा परिणाम कार्बनचक्रावर होतो. उत्तर गोलार्धातील चिरगोठित भूमीत सु. १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला असून तो वातावरणातील कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट आहे. किनाऱ्याच्या झिजेने दर वर्षी सु. ५० लाख ते १·४ कोटी टन कणरूप सेंद्रिय कार्बन आर्क्टिक महासागरात जातो, असा अंदाज आहे. त्याचा काही भाग समुद्रतळाशी पुन्हा गाडला जातो, तर काही भाग सूक्ष्मजीवांच्या क्रियेने कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपात वातावरणात परततो. या अंदाजातील कमाल व किमान मूल्यांमध्ये जवळजवळ तिपटीचा फरक आहे. तो कमी करण्यासाठी किनारा किती हटला एवढेच नव्हे, तर त्यात बर्फ, गाळ व सेंद्रिय द्रव्य यांचे प्रमाण किती होते हेही ठिकठिकाणी मोजणे आवश्यक आहे. सायबीरियाच्या फार मोठ्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजणीची ठिकाणे विरळ असल्याने उपग्रहांच्या नोंदी व क्षेत्रमापन यांची सांगड घालणे हे या अभ्यासापुढील मुख्य कार्य होय.